उंबरठा आधी, रंग नंतर

आपल्या बहुतेक घरांत एखादी तरी जुनी वस्तू अशी असते, की जी वापरातही नसते आणि टाकवतही नाही. कुणाकडे आईचे शिवणयंत्र असते, कुणाकडे आजोबांची हातपेटी, तर कुणाच्या ओटीवर लंबकाचे घड्याळ वर्षानुवर्षे एकच वेळ दाखवीत बंद पडलेले असते. केव्हातरी सणासुदीच्या निमित्ताने आपण त्या वस्तूवर हात फिरवतो, पॉलिश करतो आणि तिचा जीर्णोद्धार झाला असे मानतो. शिवणयंत्राच्या बाबतीत हे खपून जाते. फार तर टाके सुटतील. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र असे समाधान महागात पडते, कारण तासाला शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्या वस्तूच्या आत माणसे बसलेली असतात. जुन्यातले काय राखावे आणि काय निःसंकोच बदलावे, हा प्रश्न म्हणूनच जुन्या मोटारीपाशी सर्वांत कठोरपणे उभा राहतो.

या विषयावर मी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. माझे वडील लोअर परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते विहिरीवरचा पंप उघडून बसत आणि पाने हाती देण्यासाठी मला शेजारी बसवीत. पुढे सेमिनरीत मी तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. पण आटे वाकडे बसले की जोर करू नये, बोल्ट मागे फिरवून पुन्हा सरळ लावावा, हे ज्ञान त्याच्या आधीचे. २०१४ ते २०१९ या काळात इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात एका लहान धर्मग्रामात मी सेवेस होतो. सोमवार हा माझा विश्रांतीचा वार. धर्मगुरुनिवासापासून चार घरे सोडून गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहत. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मनातल्या मनात ‘मास्तर’ म्हणत असे. तीन हिवाळ्यांतले पुष्कळसे सोमवार मी त्यांच्या गॅरेजमध्ये पाने देण्याघेण्यात घालवले.

मास्तरांची गाडी होती १९७१ सालची एम.जी.बी. ही दोन आसनी, कापडी टपाची स्पोर्ट्स मोटार. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाच्या आद्याक्षरांवरून एम.जी. हे नाव आले. १९२९ साली या मोटारींचा कारखाना जवळच्याच ॲबिंग्डन गावी गेला. तेथे १९६२ पासून १९८० पर्यंत एम.जी.बी. तयार होत होती आणि तिच्या सर्व प्रकारांची मिळून पाच लाखांहून अधिक संख्या झाली. २०१९ पासून आपल्या रस्त्यांवर जी अष्टकोनी चिन्हाची एम.जी. दिसते, तिच्यात त्या जुन्या घराण्याचे नाव व चिन्ह तेवढे उरले आहे. मालकी पुष्कळ हात बदलून गेली आहे. आपला खरा दुवा निराळाच आहे. एम.जी.बी.चे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि आपल्या जुन्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ही एकाच कुळातली भावंडे. हे मी मास्तरांना सांगितले, तेव्हा त्यांनी इंजिनावर थाप मारून म्हटले, “म्हणजे फादर, हा तुमच्याकडचा नातलगच!”

ही गाडी त्यांनी लग्नानंतर चार वर्षांनी पत्नीसह जाऊन विकत घेतली होती. मुलगी झाल्यावर दोन आसनी गाडी गैरसोयीची ठरली, ती गॅरेजच्या मागच्या भागात गेली आणि तेथेच राहिली. २०१३ साली पत्नी निवर्तल्या. दोन वर्षांनी मास्तरांनी गाडीवरचे कापड काढले, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मुलीचे म्हणणे, आहे त्या स्थितीत विकून टाकावी. मास्तरांचे म्हणणे एवढेच, की ती एकदा तरी रस्त्यावर यावी.

घरच्या घरी जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की गाडीची निवड भावनेने झाली तरी हिशेब कोरडेपणाने करावा. अशा कामाला लागणारा पैसा तयार गाडीच्या बाजारभावाहून बहुधा अधिक होतो. हे गृहीत धरूनच आरंभ करावा, म्हणजे पुढे मन कडू होत नाही. उघडलेली गाडी मूळ गाडीच्या दुप्पट जागा व्यापते, म्हणून जागेचाही विचार करावा. नवशिक्याने सुटे भाग सहज मिळतात अशीच गाडी निवडावी. या दृष्टीने एम.जी.बी.इतकी सोयीची जुनी स्पोर्ट्स मोटार क्वचित सापडेल. रबरी झडपेपासून दारापर्यंत तिचे जवळजवळ सर्व भाग आजही नवे मिळतात. इतकेच काय, १९८८ पासून तिची संपूर्ण नवी पत्र्याची कुडीसुद्धा मूळ साच्यांवर तयार होऊ लागली. गाडीआधी दोन पुस्तके मात्र विकत घ्यावीत: कारखान्याने काढलेले दुरुस्तीचे पुस्तक आणि भागांची सचित्र सूची. दुसऱ्या पुस्तकातील चित्रांवरून कोणता वायसर कशाच्या खाली बसतो हे समजते, आणि निम्मे भांडण तेथेच मिटते.

त्यानंतर सुरक्षितता. येथे मला थोडा कठोर स्वर लावावा लागेल. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्यासाठी लोखंडी घोड्या लावाव्यात आणि त्याही सपाट, टणक जमिनीवर. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. १९७४ पर्यंतच्या एम.जी.बी.त आसनांच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, त्या नवख्याच्या लक्षात येत नाहीत. पेट्रोलची टाकी काढून घराबाहेर ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. तिला वेल्डिंग करण्याचा विचारही करू नये. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नये. ती ओली करून फडक्याने टिपावी व ते फडके पिशवीत बंद करावे.

मास्तरांची पद्धत शाळेतली होती. त्यांनी शंभर पानी वह्या आणल्या आणि काढलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक दिला. भाग सुटण्यापूर्वी त्याचा फोटो, सुटल्यावर त्याचे नट-बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर क्रमांक, आणि वहीत क्रमांकापुढे दोन ओळी. शक्य असेल तेथे बोल्ट मूळच्या भोकात सैलसा परत लावून ठेवावा, हा त्यांचा नियम मला विशेष आवडला. काढणे आणि जोडणे यांच्यात दीड-दोन वर्षे जातात आणि स्मरणशक्ती एवढा काळ टिकत नाही. घरगुती जीर्णोद्धार अर्ध्यावर सोडून दिलेल्या गाड्या पुष्कळ विकायला येतात. त्यांतल्या बहुतेकांची कथा एकच असते: एका उत्साही रविवारी सर्व काही उघडले, आणि मग कोणता बोल्ट कुठला हे कळेना. म्हणून एका वेळी एकच भाग उघडावा, तो पूर्ण करावा, मग दुसऱ्याकडे वळावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. जुन्या पद्धतीच्या मोटारीत खाली लोखंडी सांगाडा असे आणि त्याच्यावर पत्र्याची कुडी बसवलेली असे. एम.जी.बी.च्या आधीची एम.जी.ए. अशीच होती. एम.जी.बी.त हा वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची कुडीच स्वतःचा व प्रवाशांचा भार वाहते. त्यातही कापडी टपाच्या गाडीला वरून बांधून ठेवणारे छप्पर नसल्याने सारा ताण दारांच्या खालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर येतो. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. आपल्याकडे त्यांना उंबरठा म्हणता येईल. घराचा उंबरठा कुजला तर घर पडत नाही. या गाडीचा उंबरठा कुजला तर गाडी मधोमध वाकते. गंज धरतो तोही नेमका येथेच, कारण चाकांनी उडवलेले पाणी आणि चिखल त्या पेटीच्या तोंडाशी साचतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वसईसारख्या ठिकाणी समुद्राचा वारा तेच काम बारा महिने करतो.

उंबरठा शाबूत आहे की नाही हे ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट पाहावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मध्यभागी खचली आहे. जॅक लावून एक बाजू उचलावी आणि दार उघडून पाहावे. ते अडकू लागले, तर कुडीत बळ उरलेले नाही. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे तो धरत नाही तेथे लोखंड नसून लांबी भरलेली आहे. गालिचे उचलून जमिनीचा पत्रा, मागच्या कमानपट्ट्यांच्या बैठका आणि बॅटऱ्यांचे कप्पे टोकदार हत्याराने टोचून पाहावेत. चांगला पत्रा टणक आवाज देतो; कुजलेला पत्रा हत्यार गिळतो.

मास्तरांच्या गाडीचे उंबरठे दिसायला उत्तम होते. गर्द हिरवा रंग, सरळ कडा. चुंबकही बऱ्यापैकी धरत होता. परंतु दार मात्र किंचित अडकत होते. खालचा रंग खरवडल्यावर उलगडा झाला. फार पूर्वी एका गॅरेजने कुजलेला उंबरठा न काढता त्याच्यावरच नव्या पत्र्याची पट्टी चढवली होती, सांधे लांबीने बुजवले होते आणि वर रंग मारला होता. पट्टी कापली तेव्हा आतून तांबडा भुगा ओंजळभर सांडला. मास्तर बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “फादर, आम्ही दोघे हिच्यातून वेल्सपर्यंत जात होतो.” एवढेच.

येथे दोन वाटा होत्या. जाणकारांनी सल्ला दिला की नवी कुडी घ्या, जुन्या गाडीचे अवयव तिच्यावर चढवा आणि मोकळे व्हा. सल्ला खोटा नव्हता. गंज सर्वत्र पसरला असेल तेव्हा तोच मार्ग शहाणपणाचा असतो, कारण तुकड्यातुकड्यांनी दुरुस्ती करताना मजुरी कुडीच्या किमतीला मागे टाकते. पण मास्तरांच्या निवृत्तिवेतनात नवी कुडी बसत नव्हती. शिवाय त्यांचा दुसरा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला शोभणारा होता: “सगळेच बदलले, तर मी दुरुस्त काय केले?” आम्ही दोघांनी पूर्ण कुडी पुन्हा एकदा टोचून तपासली. पुढचा भाग, आगीपासून वाचवणारा इंजिनामागचा पडदा आणि मागचा बराचसा पत्रा भक्कम निघाला. रोग उंबरठ्यांत, जमिनीच्या कडांत आणि एका बॅटरीच्या कप्प्यात होता. तेव्हा जुनी कुडी राखायची, पण उंबरठे मुळापासून नवे करायचे, असे ठरले.

उंबरठा बदलण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण येथे घाई केली तर गाडी कायमची वाकडी होते. गाडी समपातळीत, चार ठिकाणी आधार देऊन उभी करावी. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी नळी वेल्ड करून किंवा बोल्टने आवळून ती चौकट बांधून टाकावी. मगच पत्रा कापावा, तोही एकाच बाजूचा. एक बाजू संपूर्ण पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला कटर लावू नये. बाहेरचा पत्रा, त्याच्या आतला उभा पडदा आणि खालची खाचाखाचांची पट्टी हे तीन भाग मिळून पेटीला बळ देतात. बाहेरचा एकटा बदलला तर ते वर सांगितलेल्या गॅरेजचेच काम झाले. नवा भाग आधी चिमट्यांनी धरावा, दार लावून फटी पाहाव्यात, शिंपी कच्चे टाके घालतो तसे वेल्डिंगचे चार टाके घालावेत, पुन्हा फटी पाहाव्यात, आणि सर्व जुळले की मगच पक्की शिवण.

हे वेल्डिंग स्वतः करावे काय? हौस असेल तर सायंकाळच्या वर्गात शिकावे, भंगार पत्र्यावर महिनोन्‌महिने हात बसवावा. परंतु ज्या सांध्यावर जीव अवलंबून आहे, तो सांधा कसलेल्या हातानेच जोडावा. मास्तरांनी घरी येऊन काम करणारा एक वेल्डर बोलावला. रंग खरवडणे, पत्रा उघडा करणे, मोजमापे घेणे, आणि नंतर घासून साफ करणे ही सारी वेळखाऊ कामे त्यांनी स्वतः केली, म्हणून वेल्डरचे दिवस थोडके लागले. घरच्या जीर्णोद्धारात पैसा वाचतो तो असा: कौशल्य विकत घ्यावे, वेळ आपला द्यावा. वेल्डिंगच्या वेळी अग्निशामक हाताशी हवा, आणि काम संपल्यावर तासभर तरी गॅरेज सोडून जाऊ नये. गालिच्याच्या एका धाग्यात ठिणगी निवांत दडून बसते.

इंजिनाच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे: कारणाशिवाय उघडू नये. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीला चावी देण्याची घाई नको. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तर तेल व फिल्टर बदलून, चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर त्या इंजिनाला अजून आयुष्य आहे. पॉइंटची फट एक इंचाचा पंधरा सहस्रांश आणि झडपांची फटही तितकीच, ही दोन मापे नीट जुळवली की रुसलेली इंजिने बरीचशी बोलू लागतात. मात्र क्लच बदलायचा झाला तर इंजिन व गिअरबॉक्स ही जोडी बहुधा एकत्रच बाहेर काढतात. आणि एकदा ती बाहेर आली की क्लचची चकती, त्याचा कार्बनचा बेअरिंग आणि रबरी बैठका जुन्या ठेवण्यात काटकसर नाही.

पेट्रोलविषयी दोन शब्द. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनली होती. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही २००० साली ते बंद झाले. शिशाविना एक्झॉस्ट झडपांच्या बैठका हळूहळू झिजतात, म्हणून कधी इंजिनाचे डोके उघडलेच, तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. दुसरे संकट इथेनॉलचे. ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात २०२५ पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने भुसभुशीत होते, आणि फुटलेल्या नळीतून गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. आपल्या घरी जुनी फियाट वा अँबॅसडर असेल, तर हा परिच्छेद आपल्यासाठीच आहे असे समजावे: पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या जातीच्या घालून घ्याव्यात.

ब्रेकमध्ये जुने काहीही राखू नये. सिलिंडरांची रबरे, लवचीक नळ्या, गंजलेल्या धातूच्या नळ्या, अस्तरे, सारे नवे. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते, म्हणून गाडी चालो वा न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलावे. विजेच्या तारांना भिण्याचे कारण नाही; या गाड्यांत त्यांचे रंग ठरलेले असतात. तपकिरी तार सदैव जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत, हिरवी तिच्यापुढे फ्यूजमधून आलेली, निळ्या पुढच्या दिव्यांच्या आणि काळी जमिनीची. ‘जुन्या इंग्रजी गाडीची वीज खराब’ अशी जी ख्याती आहे, तिच्यातला पुष्कळ भाग हा गंजलेल्या काळ्या जोडांचा असतो. ते जोड सोडवून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळावेत आणि मगच नवे सामान विकत आणण्याचा विचार करावा.

रंग सर्वांत शेवटी. पाहुण्यांना तोच दिसतो, म्हणून मालकाचे मनही त्याच्याकडे आधी धावते. परंतु चांगल्या रंगाचे नव्वद टक्के काम रंगाच्या डब्यापूर्वीचे असते: घासणे, प्रायमर, पुन्हा घासणे. दोन घटक मिसळून फवारायच्या आधुनिक रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते, ते फुप्फुसाला कायमचे अपायकारक. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मुखवट्याशिवाय हा रंग घरी मुळीच फवारू नये. ते काम रंगाऱ्याच्या बंदिस्त खोलीत करून घ्यावे. आणि रंगाहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उंबरठ्याच्या पोकळीत आतून मेण फवारणे. ते कुणालाही दिसणार नाही, आणि पुढची वीस वर्षे गाडी तेच सांभाळील.

आतली सजावट करण्याची वेळ आली, तेव्हा मुलीने वडिलांसाठी नव्या आसनांची, गालिच्यांची व दारांच्या अस्तरांची सूची मागवली. सारे नवे, आणि परवडेल अशा किमतीत. मास्तरांनी गालिचे तेवढे घेतले. डाव्या दाराच्या काळ्या रेक्झिनवर, बसणाऱ्याचे कोपर टेकते तेथे, एक झिजलेला फिकट डाग होता. तो कोणाच्या कोपराचा हे सांगण्याची गरज नव्हती. ते अस्तर त्यांनी साबणाच्या पाण्याने पुसले, मागचा कुजलेला पुठ्ठा काढून नवा घातला आणि रेक्झिन तेच ठेवले. मुलीने काही न बोलता सूची मिटली.

पण त्याच डाव्या आसनाला मूळचा सुरक्षापट्टा होता, हाताने ताणून लावायचा, जुन्या पद्धतीचा. तो पट्टा राखावा अशी मास्तरांची इच्छा होती. प्रत्येक प्रवासाला निघताना त्याची कडी लागल्याचा आवाज आला की मगच ते गिअर टाकीत असत, असे त्यांनी सांगितले. पंचेचाळीस वर्षांचा पट्टा वरून धड दिसला तरी त्याचे धागे ऊन व दमट हवेने कमकुवत झालेले असतात. ऐन धक्क्याच्या वेळी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे मी त्यांना सांगितले नाही, त्यांनाच ते माहीत होते. दोन सोमवार तो विषय तसाच राहिला. तिसऱ्या सोमवारी गेलो तेव्हा नवे पट्टे बसलेले होते, आणि जुना पट्टा नीट गुंडाळून गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेला होता. “आता या आसनावर माझी लेक बसणार आहे,” ते म्हणाले.

जीर्णोद्धाराचा जो नियम मी पुस्तकांत शोधत होतो, तो मला त्या खिळ्यापाशी मिळाला. ज्याच्यावर जीव अवलंबून आहे, तेथे जुन्याचा मोह नको. ज्याच्यात केवळ आठवण आहे, तेथे नव्याचा मोह नको. उंबरठा, ब्रेक, पट्टा, नळ्या नव्या. रेक्झिनवरचा डाग, सुकाणूचक्राची झिजलेली कड, डॅशबोर्डवरचा ओरखडा, हे जसेच्या तसे. बहुतेक हौशी लोक याच्या नेमके उलट करतात: डाग पुसतात आणि उंबरठा झाकतात.

२०१८ च्या मे महिन्यापासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही. मास्तरांची गाडी त्याच वर्षी तयार झाली. कायद्याने गरज नसताना त्यांनी ती तपासणीला नेली. ज्याने गाडी जोडली, त्यानेच ती पास करू नये, हे त्यांचे म्हणणे मला प्रत्येक हौशी कारागिराने भिंतीवर लिहून ठेवावे असे वाटते. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप न बदललेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली आहे. अशा गाडीच्या क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे येतात, आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. ज्यांच्या वाड्यात अशी गाडी उभी असेल, त्यांनी पाने हाती घेण्यापूर्वी कागदपत्रे शोधावीत. कागद नसलेल्या गाडीवर केलेला खर्च गॅरेजातच अडकून पडतो.

तयार झालेली गाडी झाकून ठेवू नये, हे आणखी एक सांगणे. उभ्या गाडीची रबरे सुकतात, ब्रेक चिकटतात, पेट्रोल शिळे होते. आठवड्यातून एकदा इंजिन तापेपर्यंत ती चालवावी. पुढच्या चाकांच्या खुंट्यांना दर तीन हजार मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर, ग्रीस द्यावे; पाच मिनिटांचे हे काम न केल्याने ते महागडे भाग झिजतात. पावसात भिजून आली तर दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत ना, हे पाहावे.

पहिल्या उन्हाळ्यात मास्तर मुलीला घेऊन वेल्सपर्यंत गेले. परतीच्या अर्ध्या वाटेवर गाडी मुलीने चालवली, आणि पन्नाशीकडे झुकलेली ती बाई घरी येताच वही मागून घेऊन बसली: ग्रीसची भोके नेमकी कुठे आहेत, ते तिला पाहायचे होते. गाडी विकण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

त्या वह्या चार झाल्या होत्या. प्रत्येक भागाचा क्रमांक, कुठून आणला, केव्हा बसवला, बोल्ट किती आवळला, हे सारे मास्तरांच्या फळ्यावरच्या अक्षरासारख्या स्वच्छ अक्षरात. जो कोणी घरी अशा कामाला हात घालील, त्याने पहिल्याच दिवशी एक वही विकत आणावी, असे माझे शेवटचे सांगणे आहे. आपण नसताना पुढच्या माणसाने गाडीखाली शिरावे, तेव्हा त्याला काय झाकले आहे याचा शोध घ्यावा लागू नये. काय केले आणि काय करायचे राहिले, हे दोन्ही त्या वहीत लिहावे. आणि राहिलेले आधी लिहावे.